गोचीड गाईच्या अंगावर कमी, गोठ्यात जास्त

पावसाच्या पहिल्या सरी पडून गेल्या आणि हवेत दमटपणा आला की पशुवैद्यकीय दवाखान्यांत एक तक्रार हमखास ऐकू येते. ‘औषध मारले, आठ-दहा दिवस गाय स्वच्छ राहिली आणि पुन्हा जैसे थे.’ पशुपालक मग आपापल्या परीने अर्थ लावतो. औषध भेसळीचे असेल, नाही तर कमी पडले असेल. पुढच्या खेपेला मात्रा वाढवली जाते. कोणी कपाशीवर मारायचे कीटकनाशक बादलीत ओततो, कोणी गाडीचे जळके ऑइल कासेभोवती फासतो. कधी कधी यात जनावरालाच विषबाधा होते, लाळ गाळत ते खाली बसते. गोचीड मात्र महिन्याभरात परततात.

औषधात खोट असू शकते, नाही असे नाही. पण बहुतेक वेळा चुकतो तो शत्रूचा पत्ता. गाईच्या कानात, कासेवर, शेपटीच्या मुळाशी दिसणारे गोचीड हे एकूण गोचिडांपैकी थोडेसेच असतात. उरलेले अंड्यांच्या आणि भुकेल्या पिल्लांच्या रूपात भिंतीच्या भेगांत, गव्हाणीच्या सांदीत, उकिरड्याच्या कडेला आणि चरायच्या कुरणात असतात. गाईच्या अंगावर औषध मारून आपण जेवायला बसलेल्यांना उठवतो. रांगेत उभे असलेले तसेच राहतात. गोचीड नियंत्रणाचे सारे गणित या एका गोष्टीभोवती फिरते.

आठ पायांचे रक्तपिपासू

गोचीड हा कीटक नाही. कोळी आणि विंचू ज्या कुळातले, त्याच कुळातला हा प्राणी. पूर्ण वाढलेल्या गोचिडाला आठ पाय असतात, पंख नसतात, उडीही मारता येत नाही. तरीही तो जनावर बरोबर गाठतो, कारण त्याच्या पुढच्या पायांवर वास आणि उष्णता ओळखणारे एक सूक्ष्म अवयव असते. जवळून जाणाऱ्या जनावराच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि घामाचा वास त्याला कळतो. भुकेले पिल्लू गवताच्या टोकावर चढून पुढचे पाय पसरून बसते आणि जनावर घासून गेले की त्याला चिकटते.

चिकटल्यावर ते कातडीत सोंड रुतवते. त्याच्या लाळेत रक्त गोठू न देणारी आणि जनावराची प्रतिकारशक्ती थोपवणारी द्रव्ये असतात. अनेक जातींचे गोचीड तोंडाभोवती सिमेंटसारखा पदार्थ सोडून स्वतःला पक्के चिकटवून घेतात. म्हणूनच हाताने ओढला तर तो सहज सुटत नाही. मादीने पोटभर रक्त प्यायले की तिचे वजन शंभरपटीहून अधिक वाढते. एरंडाच्या बीसारख्या टम्म फुगलेल्या ज्या गोळ्या आपल्या नजरेस पडतात, त्या या माद्या.

महाराष्ट्रातल्या गोठ्यांत प्रामुख्याने दोन प्रकारचे गोचीड आढळतात आणि दोघांची राहणी वेगळी आहे. पहिला ‘ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस’. पिल्लापासून प्रौढ होईपर्यंतचा सारा काळ, म्हणजे साधारण तीन आठवडे, तो एकाच जनावरावर काढतो. मग टम्म झालेली मादी खाली पडते, आडोसा शोधते, दोन-तीन हजार अंडी एका ढिगात घालते आणि मरते. उबदार, दमट हवेत काही आठवड्यांत अंडी फुटतात आणि सहा पायांची, मोहरीच्या दाण्याहून लहान पिल्ले बाहेर पडतात. अनुकूल हवेत ती महिनोन् महिने उपाशी राहून जनावराची वाट पाहू शकतात.

दुसरा ‘हायलोमा’. याचे पाय पट्टेदार असतात आणि चाल चपळ. तो रक्त पितो, खाली उतरतो, भेगेत शिरून कात टाकतो आणि पुन्हा जनावरावर चढतो. आयुष्याचा मोठा भाग तो जनावराच्या अंगाबाहेरच काढतो. दगडमातीच्या भिंती, उखडलेला गिलावा, लाकडी खांबांच्या फटी ही त्याची आवडती घरे. गाईच्या अंगावर कितीही औषध मारले, तरी या घरांपर्यंत ते पोहोचत नाही.

दुधातली न दिसणारी गळती

चार गोचिडांनी गाईचे काय बिघडते, असे अनेकांना वाटते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात होल्स्टिन फ्रिजियन गायींवर याचा हिशेब मांडला गेला. रक्त पिऊन टम्म होणारी प्रत्येक मादी गाईचे दिवसाचे दूध सरासरी ८.९ मिलिलिटरने आणि वजन सुमारे १ ग्रॅमने कमी करते, असे त्यात आढळले. आकडा क्षुल्लक वाटतो. पण अशा ५० माद्या अंगावर असतील तर रोज जवळपास अर्धा लिटर दूध कमी होते. महिन्याला ते १३ लिटरच्या पुढे जाते. गोठ्यात अशा पाच गायी असतील तर महिन्याला ६५ लिटरहून अधिक दूध डेअरीपर्यंत पोहोचतच नाही. बिलात ही रक्कम कुठे दिसत नाही, म्हणून ती कोणी मोजत नाही.

याशिवाय सततच्या खाजेने जनावर अस्वस्थ राहते, चारा कमी खाते, माजावर येण्यास उशीर होतो. चाव्याच्या जखमांवर माशा बसतात, त्यात अळ्या पडतात. कातडीला भोके पडून तिचा भाव उतरतो. लहान वासरांत तर नुसत्या रक्तशोषणाने पंडुरोग होऊन मृत्यूही येतो.

गोचिडासोबत येणारे ताप

खरे मोठे नुकसान होते ते गोचिडांनी पसरवलेल्या रोगांमुळे. त्यातले तीन प्रत्येक पशुपालकाने ओळखायला हवेत.

पहिला थायलेरियोसिस, म्हणजेच गोचीड ताप. तो हायलोमा गोचिडामार्फत पसरतो. ताप १०४ ते १०६ अंश फॅरनहाइटपर्यंत चढतो. खांद्यापुढच्या आणि मांडीच्या वरच्या गाठी सुजतात. डोळ्यांतून पाणी येते, धाप लागते, दूध एकदम आटते. पुढे रक्त कमी होऊन डोळ्यांच्या कडा पांढऱ्या पडतात. दुसरा बबेसियोसिस. यात लाल रक्तपेशी फुटतात आणि लघवी लाल किंवा कॉफीसारखी होते. तिसरा अॅनाप्लाझ्मोसिस. यात ताप, रक्ताची कमतरता आणि कावीळ दिसते. पण लघवी लाल होत नाही.

तिन्ही रोगांची औषधे वेगवेगळी आहेत. थायलेरियावर चालणारे बुपार्वाक्वोन हे इंजेक्शन वेळेवर दिले तर गुण येतो, पण रक्त फार उतरल्यावर दिले तर हाती काही लागत नाही. म्हणून तापाच्या जनावराला अंदाजाने प्रतिजैविक टोचत बसण्यापेक्षा कानाच्या शिरेतले रक्त काचपट्टीवर घेऊन तपासणे स्वस्त पडते. रोगाचे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली रक्तपेशींत दिसू शकतात.

थायलेरियाविरुद्ध भारतात लसही उपलब्ध आहे. जिवंत पण दुबळे केलेले जंतू त्यात असतात, त्यामुळे ती द्रव नायट्रोजनमध्ये साठवावी लागते आणि मागणी नोंदवल्याशिवाय सहसा मिळत नाही. संकरित वासरांसाठी ती विशेष महत्त्वाची आहे. गाभण जनावरांच्या बाबतीत पशुवैद्यकाचा सल्ला आधी घ्यावा.

संकरित जनावरांचा उल्लेख वारंवार येतो, त्याला कारण आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातला गोवंश १९.२५ कोटी भरला आणि त्यात विदेशी व संकरित जनावरे ५ कोटींहून अधिक होती. आधीच्या गणनेपेक्षा ही संख्या सुमारे २७ टक्क्यांनी वाढली. दूध वाढले, पण गोचीड आणि गोचीड ताप यांना लवकर बळी पडणारी जनावरेही वाढली. कर्ज काढून लांबून आणलेली जास्त दुधाची गाय नव्या गोठ्यात येऊन महिन्याभरात तापाने जाते, तेव्हा बहुतेकदा दोष नशिबाचा नसतो. तिच्या शरीराने या रोगाचे जंतू आधी कधी पाहिलेलेच नसतात.

टेक्सासचा धडा

गोचीड रोग पसरवतो हे आज सहज सांगता येते. सव्वाशे वर्षांपूर्वी ते सिद्ध करायला एक साधा पण चाणाक्ष प्रयोग करावा लागला. अमेरिकेत टेक्सासकडून उत्तरेकडे कळप हाकत नेले की वाटेवरची उत्तरेकडची गुरे तापाने मरत. गंमत अशी, की ज्यांच्यामुळे रोग येतो असा संशय होता ती दक्षिणेची गुरे ठणठणीत असत. थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेड किलबोर्न यांनी काही दक्षिणी गुरांच्या अंगावरचे सगळे गोचीड हाताने वेचून काढले आणि ती गुरे उत्तरेच्या गुरांसोबत ठेवली. रोग आला नाही. मग एका कुरणात एकही दक्षिणी जनावर न आणता नुसते गोचीड टाकले. तिथे चरणारी गुरे आजारी पडली.

१८९३ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मलेरिया आणि डास यांचे नाते रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत दाखवले ते १८९७ मध्ये, म्हणजे त्यानंतर चार वर्षांनी. गोचीडमादीच्या शरीरातले जंतू तिच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत उतरतात, हेही याच संशोधनातून उलगडले. जन्मतःच रोग घेऊन आलेले पिल्लू पहिल्याच चाव्यात तो जनावराला देते.

या ज्ञानाच्या आधारे अमेरिकेने १९०६ मध्ये गोचीड निर्मूलनाची देशव्यापी मोहीम सुरू केली. ठरावीक दिवसांनी प्रत्येक जनावराला औषधाच्या हौदातून पोहत न्यायचे, काही कुरणे महिनोन् महिने मोकळी ठेवून पिल्लांना उपाशी मारायचे आणि गुरांच्या वाहतुकीवर नियंत्रण ठेवायचे, अशी तिची तिहेरी रीत होती. १९४३ पर्यंत मेक्सिकोच्या सीमेलगतचा टेक्सासमधला पट्टा वगळता देश या गोचिडापासून मुक्त झाला. त्या पट्ट्यात आजही घोड्यावरून गस्त चालते, कारण सीमेपलीकडून गोचीड येतच असतात. इतकी मोठी मोहीम जिंकली गेली ती एकट्या औषधाच्या जोरावर नाही. एकाच वेळी सगळ्या जनावरांवर आणि कुरणावरही उपाय झाला, म्हणून ती जिंकता आली.

औषध का हरते?

औषधांची दुसरी बाजूही तेवढीच बोलकी आहे. ऑस्ट्रेलियात आर्सेनिकच्या हौदांनी काही दशके उत्तम काम केले. १९३० च्या दशकात आर्सेनिकला दाद न देणारे गोचीड दिसू लागले. मग डीडीटी आले, ऑरगॅनोफॉस्फेट आले, सायपरमेथ्रिन आणि डेल्टामेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड आली, अमिट्राझ आले. प्रत्येकाविरुद्ध आज ना उद्या प्रतिकार निर्माण झाला. बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी भारतातल्या अनेक राज्यांतले गोचीड तपासले, तेव्हा पायरेथ्रॉइड गटाला न जुमानणारे गोचीड आपल्याकडेही आढळले.

प्रतिकार असा तयार होतो. हजारो गोचिडांत दोन-चार असे असतात, ज्यांच्यावर औषध जन्मतःच कमी चालते. कमी मात्रेत मारलेल्या औषधाने दुबळे मरतात आणि नेमके हे चिवट उरतात. त्यांची पुढची पिढी त्यांच्यासारखीच निपजते. एकच औषध वर्षानुवर्षे वापरले की गोठ्यात चिवटांचेच राज्य येते.

ही कमी मात्रा बहुतेक वेळा नकळत दिली जाते. बाटलीच्या टोपणाने औषध मोजले जाते आणि बादलीतले पाणी डोळ्यांनी. मोठ्या गाईला नखशिखांत भिजवायला काही लिटर द्रावण लागते. अर्ध्या लिटरच्या फवाऱ्याने फक्त पाठ ओली होते. गोचीड मात्र पाठीवर कमी आणि कानाच्या आत, गळ्याच्या पोळीखाली, कासेच्या मागे, मांड्यांच्या सांध्यात आणि शेपटीखाली जास्त असतात. फवारणीनंतर तासाभरात पाऊस आला की उरलेसुरले औषधही धुऊन जाते.

मात्रा वाढवणे हा यावर उपाय नाही. पिकांवरची कीटकनाशके तर जनावरांच्या अंगावर कधीच वापरू नयेत. त्यांची तीव्रता आणि त्यातले द्रावक जनावराच्या कातडीसाठी बनवलेले नसतात, आणि त्यांचे अंश दुधात उतरू शकतात. आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन सोपे वाटते म्हणून सर्रास टोचले जाते. पण दुभत्या जनावरात त्याचाही अंश दुधात येतो, आणि शेणातून बाहेर पडलेले औषध शेण मातीत मिसळणाऱ्या शेणकिड्यांना मारक ठरते. घरात घोडा असेल तर अमिट्राझ त्याच्यापासून दूर ठेवावे, घोड्यांना ते घातक ठरू शकते. कोणते औषध, किती आणि किती दिवस दूध विकायचे नाही, हे पशुवैद्यकाला विचारूनच ठरवायला हवे.

सुरुवात भिंतीपासून

मग करायचे काय? पहिले काम गाईच्या अंगावर नाही, गोठ्यात आहे, आणि ते पावसाळ्याआधी, मे महिन्यातच उरकायला हवे. भिंतीच्या आणि गव्हाणीच्या भेगा सिमेंटने बुजवायच्या. उखडलेला गिलावा नीट करून चुन्याचा हात मारायचा. कोपऱ्यात वर्षभर पडून असलेली पोती, लाकडे, जुनी दावी बाहेर काढून उन्हात टाकायची. पत्र्याचे आणि सिमेंटचे गोठे असतील तर भेगांवरून फ्लेम गनची आच फिरवणेही परिणामकारक ठरते. मात्र जनावरे, चारा आणि गवताचे छप्पर जवळ असेल तर हा प्रयोग करू नये. उकिरडा गोठ्याला लागून नसावा. गोठ्याभोवतीचे गवत कापलेले असावे, कारण गवत उंच असले की पिल्लांना चढायला शिडी मिळते.

हल्ली मुक्त संचार गोठे वाढले आहेत. तिथे जमीन मातीची असल्याने अंडी मातीत राहतात. उन्हाळ्यात वरचा थर उकरून काढणे, माती खालीवर करून उन्हात तापू देणे आणि कुंपणाच्या कडा व झाडांचे बुंधे तपासणे ही तिथली जास्तीची कामे.

दुसरे काम वेळापत्रकाचे. ज्या दिवशी जनावरांवर फवारणी, त्याच दिवशी गोठ्याच्या भिंती, फटी आणि खांबांवरही फवारणी. फवारणीच्या वेळी गव्हाण आणि पाण्याचा हौद रिकामा आणि झाकलेला असावा. गोठ्यातले एकही जनावर सुटता कामा नये. भाकड गाय, वासरू, बैल, शेळ्या आणि राखणीचा कुत्राही यात आला. मात्र कुत्र्यासाठी आणि लहान वासरांसाठी औषध व मात्रा वेगळी असते. सुटलेले एक जनावर पुढच्या पिढीचे अन्नछत्र होते.

एका फवारणीने काम होत नाही, कारण अंड्यांवर या औषधांचा फारसा परिणाम होत नाही. ती नंतर फुटतात आणि पिल्ले पुन्हा जनावरावर चढतात. इथे तीन आठवड्यांचे गणित कामी येते. नव्याने चढलेल्या पिल्लांची मादी होऊन ती खाली पडण्याआधीच, म्हणजे साधारण १५ दिवसांनी, दुसरी फवारणी झाली तर पुढची अंडी घातलीच जात नाहीत. गरज पडल्यास तेवढ्याच अंतराने तिसरी. अशा एका मोहिमेनंतर थांबून पाहायचे. पुन्हा गोचीड वाढले तर औषधाचा गट बदलायचा. नुसते बाटलीवरचे नाव बदलून उपयोग नाही. दोन वेगळ्या नावांच्या बाटल्यांत एकच औषध असू शकते, म्हणून लेबलवरचा घटक वाचायला हवा.

फवारणी सकाळी किंवा संध्याकाळी, पाऊस नसताना, जनावराने पाणी प्यायल्यावर करावी, म्हणजे ते तहानेने अंग चाटत नाही. अंगावर जखमा असतील तर आधी त्या बऱ्या होऊ द्याव्यात. फवारणाऱ्याने हातमोजे आणि मास्क वापरावा, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून उभे राहावे. फवारलेले जनावर लगेच ओढ्यात किंवा तळ्यात धुऊ नये. औषध तर वाया जातेच, शिवाय पायरेथ्रॉइड माशांसाठी अतिशय विषारी असतात. उरलेले द्रावण पाण्यात ओतणेही तितकेच वाईट.

दोन-चार जनावरांच्या गोठ्यात हाताने वेचणे हा आजही उत्तम उपाय आहे, अट एवढीच की तो रोजचा असावा. दूध काढताना कास, पोळी आणि कान चाचपून पाहायला पाच मिनिटे लागतात. वेचलेले गोचीड जमिनीवर टाकले तर त्यातली टम्म मादी तिथेच अंडी घालते. ते साबणाच्या पाण्याच्या किंवा रॉकेलच्या डब्यात टाकावेत. गोठ्यात फिरणाऱ्या गावठी कोंबड्याही खाली पडलेले गोचीड टिपतात. औषध फवारल्यावर मात्र त्यांना काही दिवस आत सोडू नये. लिंबोळी तेलासारखे पारंपरिक उपाय गोचिडांना दूर ठेवायला थोडीफार मदत करतात. गोठा गोचिडांनी भरलेला असताना केवळ त्यांच्या भरवशावर राहणे महागात पडते. तंबाखूचे पाणी मात्र टाळावे, त्यातले निकोटिन जनावरालाही विषारी असते.

बाजारातून आणलेले नवे जनावर थेट दावणीला बांधू नये. दोन-तीन आठवडे वेगळे ठेवून, गोचीड काढून, ताप पाहूनच ते कळपात घ्यावे. अनेक गोठ्यांत नवे, औषधाला न जुमानणारे गोचीड याच वाटेने येतात.

देशी कातडीचे बळ

ज्या गोठ्यात संकरित गाय गोचिडांनी भरलेली असते, तिथेच शेजारी बांधलेल्या खिल्लार बैलावर मोजकेच गोचीड दिसतात. हा योगायोग नाही. वशिंडाच्या भारतीय गोवंशात गोचिडांना रोखण्याची क्षमता अधिक असते. चावा बसताच कातडीची प्रतिक्रिया जोरदार होते, जनावर अंग चाटून पिल्ले काढून टाकते आणि बरेच गोचीड पोट भरण्याआधीच मरतात.

हे गुण जगाने केव्हाच हेरले. गीर, कांकरेज, ओंगोल आणि सांगली परिसरासह कृष्णाकाठी पोसलेल्या कृष्णा व्हॅली या भारतीय वंशांतून अमेरिकेत ‘ब्राह्मण’ नावाची जात घडवली गेली. १९३० च्या दशकात ती ऑस्ट्रेलियात नेण्यात आली आणि तिथल्या गोचीडग्रस्त उत्तर भागातले कळप तिच्या रक्ताने बदलून गेले. दुधासाठी संकर करताना विदेशी रक्ताचे प्रमाण किती ठेवायचे, हा प्रश्न म्हणूनच नुसता लिटरचा नाही. शंभर टक्क्यांकडे झुकलेली गाय दूध जास्त देईल, पण तिच्या गोठ्याची निगाही तेवढीच कडक हवी.

गोचिडाविरुद्धची लसही विज्ञानाने करून दाखवली आहे. गोचिडाच्या आतड्यातल्या एका प्रथिनावर बेतलेल्या लसी १९९० च्या दशकात क्युबा आणि ऑस्ट्रेलियात बाजारात आल्या. लस दिलेल्या गाईचे रक्त प्यायले की गोचिडाच्या आतड्यालाच इजा होते. सर्व जातींच्या गोचिडांवर ती सारखी चालत नाही आणि भारतातल्या गोठ्यांत ती रोजच्या वापरात आलेली नाही. त्यामुळे आज तरी आपला भरवसा स्वच्छतेवर आणि वेळापत्रकावरच आहे.

गोठ्यातून घरात

गोचीड हा फक्त गाईचा प्रश्न नाही. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसांना ताप येऊ लागला. जंगलातल्या गोचिडांमार्फत पसरणारा हा ‘माकडताप’ २०१५ मध्ये गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग परिसरात पोहोचला. काजूच्या बागांत आणि जंगलात काम करणाऱ्यांना त्याचा सर्वाधिक धोका असतो. जंगलात चरणारी गुरे स्वतः या रोगाने आजारी पडत नाहीत. पण प्रौढ गोचिडांना त्यांच्या अंगावर भरपूर रक्त मिळते आणि जंगलातले गोचीड वाढतात.

जानेवारी २०११ मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातल्या एका गावात क्रायमियन काँगो हेमरेजिक फिव्हर हा रोग भारतात प्रथम आढळला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने त्याचे निदान केले. रुग्णावर उपचार करणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांचाही त्यात बळी गेला. हा विषाणू हायलोमा गोचिडांत राहतो. बाधित गाय, म्हैस किंवा शेळी आजारी दिसत नाही, त्यामुळे धोका नजरेला येत नाही. गोचीड चावल्याने किंवा बाधित जनावराच्या रक्ताशी संपर्क आल्याने तो माणसाला होऊ शकतो.

म्हणून गोचीड नखाने चिरडण्याची सवय सोडायला हवी. वेचताना हातमोजे किंवा निदान प्लॅस्टिकची पिशवी हाताला असावी. माणसाच्या अंगावर गोचीड चिकटला तर त्यावर रॉकेल ओतू नये, चटका देऊ नये. चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढावा, जागा साबणाने धुवावी. नंतरच्या दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचे आवर्जून सांगावे. निदानाला त्याची मोठी मदत होते.

एकट्याने न होणारे काम

२०२२ मध्ये लम्पी त्वचारोगाची साथ आली, तेव्हा महाराष्ट्रातल्या अनेक गावांत एकाच आठवड्यात घरोघरचे गोठे फवारले गेले, बाजार थांबले, नवी जनावरे वेगळी बांधली गेली. माशा, डास आणि गोचीड यांच्यावर एकत्र मारा झाला. साथ ओसरली तशी ती शिस्तही विरली. गोचिडांना मात्र साथ लागत नाही, ते बारमाही असतात.

एकाने आपला गोठा आरशासारखा ठेवला, तरी गायरानात त्याची जनावरे शेजाऱ्याच्या जनावरांसोबतच चरतात आणि तिथूनच नवी पिल्ले घेऊन येतात. त्यामुळे दूध संस्थेने किंवा ग्रामपंचायतीने वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या तोंडावर आणि पावसाळा संपताना, सगळ्या गावाच्या फवारणीचे दिवस ठरवले तर तेच औषध, तेवढ्याच पैशात, कितीतरी जास्त काम करते. पहिल्या दिवसानंतर पंधरवड्याने दुसरा दिवस, आणि दोन्ही दिवशी गोठ्याच्या भिंतीही जनावरांइतक्याच भिजलेल्या असायला हव्यात.